वीतभर उंच गाडी, अठ्ठावीस किलोमीटर वर

आमची मोहीम एका वाक्यात सांगता येईल. डांबरी रस्ता जिथं संपतो, तिथून वरच्या गावापर्यंतचे अठ्ठावीस किलोमीटर एका साध्या घरगुती गाडीनं सूर्य मावळायच्या आत चढून जायचे. ना शिखर, ना गुप्तधन, ना वाघ. पण आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन आणि चांगले दोन तास सांगेन!

हे लचांड माझ्या गळ्यात अडकवलं सिस्टरनं. सिस्टर म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रातली नर्स. माहेर वरच्या गावचं, नोकरी खाली. तीन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे गाडी शिकली होती. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, एकटीच, गेली बावीस वर्षं. सगळं गाव मला ‘बाई’ म्हणतं, आणि ज्यांना मी नापास केलंय ते आणखी काय काय म्हणतात ते माझ्या कानावर येतं.

वरच्या गावाची एक रीत आहे. बाईला सातवा महिना लागला की तिनं घर सोडून खाली यायचं, एका परक्या खोलीत राहायचं आणि मूल झाल्यावरच परत जायचं. कारण वर दवाखाना नाही आणि अडलेल्या बाईला खाटेवर घालून चार माणसांनी खाली आणायचं म्हणजे अकरा तास. सिस्टरची थोरली बहीण हट्टानं वरच राहिली होती. ती खाटेवर, वाटेतच गेली. आता धाकटीला सातवा लागत होता आणि तीही घर सोडायला तयार नव्हती.

“तिला मी ओढून खाली आणीन हो, बाई,” सिस्टर म्हणाली. “पण दर वर्षी किती जणींना ओढू?”

आरोग्य केंद्राच्या आवारात एक ॲम्ब्युलन्स उभी असते. साधी व्हॅन, ताकद फक्त पुढच्या चाकांना, पण चांगली चालू. पण वरची वाट फक्त चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोठ्या जीपसाठीच आहे, असं कागदावर लिहिलेलं. तशी जीप चाळीस गावांत मिळून एक! साधी गाडी त्या वाटेनं जाते हे सिद्ध केल्याशिवाय व्हॅनला परवानगी नाही, आणि परवानगीशिवाय सरकारी व्हॅन तिथं न्यायची नाही. म्हणजे पोहायला येईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, त्यातली गत! सिस्टरचा अर्ज दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा फेटाळला की फाईल कायमची बंद. मात्र यावेळी तपासणीला स्वतः इंजिनिअरसाहेब यायला तयार झाले होते, फक्त गाडी दुसऱ्या कुणाची तरी हवी होती.

“म्हणून बाई, तुमची गाडी,” सिस्टर म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की नाही म्हणायला जीभच वळेना.

माझी गाडी म्हणजे पांढरी छोटी हॅचबॅक. वय नऊ वर्षं. पुढच्या चाकांना ताकद, मागची नुसती फरपटत येणारी. पोट जमिनीपासून एक वीत उंच. टपावर ड्रायव्हिंग स्कूलची लाकडी पाटी. आणि शेजारच्या सीटपुढे माझ्यासाठी बसवलेले जास्तीचे क्लच-ब्रेक, शिकाऊ माणसानं जीव घ्यायचं ठरवलंच तर मला वाचता यावं म्हणून.

ही बातमी ऐकून माझे दीर पोट धरून हसले. भाऊजी मेकॅनिक. रविवारी ते डोंगरातल्या शर्यतीत उतरतात, ढोपराएवढ्या चाकांची जीप घेऊन. घरात जिंकलेले कप ठेवायला जागा उरलेली नाही.

“वहिनी, तुमची गाडी म्हणजे भाजी आणायची पिशवी,” ते म्हणाले. “पिशवीत कुणी दगड भरतं का? माझी जीप न्या.”

“जीप चालते हे सगळ्यांना माहीत आहे, भाऊजी. साधी गाडी चालते का, हा प्रश्न आहे.”

“त्याचं उत्तर मी इथंच देतो. नाही चालत!”

“मग चला, वर येऊन द्या उत्तर.”

भाऊजींना आव्हान दिलं की त्यांच्यातला मेकॅनिक गप्प होतो आणि शर्यतवाला उठून बसतो. ते आले. इतकंच नाही, तर ‘गाडी मीच चालवणार’ अशी अटही त्यांनी घातली. डोंगराचा अनुभव त्यांनाच होता, म्हणून मी मान्य केली.

सकाळी सात वाजता डांबर संपतं तिथं साहेब उभे होते. उंच, सडपातळ, डोक्यावर टोपी, हातात वही, आणि चेहऱ्यावर नुकतीच कुणीतरी इस्त्री फिरवलेली. त्यांनी अटी वाचून दाखवल्या. गाडी दुकानातून येते तशीच हवी. आत चार माणसं आणि रोग्याच्या वजनाची वाळूची दोन पोती. दुसऱ्या वाहनानं किंवा जनावरानं ओढायचं नाही. आतल्या माणसांनी उतरून ढकललं तर चालेल. सूर्य मावळला की तपासणी संपली.

मग ते खाली वाकले आणि माझे जास्तीचे पेडल त्यांना दिसले. “हे काय? दुकानातून अशी गाडी येत नाही.”

“साहेब, पेडल वाढवलेत, चाकं नाही वाढवली,” मी म्हटलं. “त्या ब्रेकनं गाडी थांबते फक्त. चढत नाही.”

साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्या शेजारी सिस्टर. भाऊजी स्टेअरिंगवर, मी माझ्या नेहमीच्या जागी. निघालो!

पहिले चार किलोमीटर मातीची वाट होती, दोन्ही बाजूंना पिवळं गवत, समोर डोंगराची करडी भिंत, आणि त्या भिंतीवर अगदी वर, नीट बघितलं तर, एक-दोन छपरं चमकत होती. तेच वरचं गाव. सिस्टरनं बोट दाखवलं. हवा छान गार होती आणि भाऊजी शीळ घालत होते. मला वाटलं, हे तर सोपंच आहे की!

पाचव्या किलोमीटरला खडक सुरू झाले. भाऊजींनी सवयीनं वेग वाढवला. त्यांची जीप असती तर ती टेनिसच्या चेंडूसारखी उड्या मारत गेली असती. माझी गाडी एकदा उडाली, दोनदा उडाली, आणि तिसऱ्यांदा खाली बसली ती थेट दगडावर. धाड! पोटाखालून असा आवाज आला की माझ्याच बरगडीत कळ उठली.

भाऊजी खाली सरपटले. सायलेन्सरचा पाइप लोंबत होता. आणखी चार बोटं पुढे आदळलो असतो तर इंजिनाचं तेल वाटेवर आणि आम्ही घरी. त्यांनी तारेनं पाइप आवळून बांधला आणि उठून हात झटकले.

“बघितलंत? नाही चालत.”

“गाडी नाही चालत की तुम्ही नीट नाही चालवत?” माझा तोल सुटला. “पहिल्या दिवशीचा शिकाऊसुद्धा दगड बघून ब्रेक मारतो! जीपचे लाड हिच्याकडून काय मागता?”

भाऊजींचे कान लाल झाले. मी वाटेच्या कडेची एक काटकी उचलली, गाडीच्या पोटाखाली उभी धरली आणि पोटाला लागली तिथं मोडली. म्हटलं, हे आपलं माप. मी पुढे चालते. काटकीपेक्षा उंच दगड दिसला की तो हलवायचा, काटकीपेक्षा बुटका असला तर त्यावरून जायचं. आणि पहिल्या गिअरवर, माणसाच्या चालीनं.

सलग अडीच तास आम्ही असेच गेलो. मी काटकी घेऊन पुढे, मागून सिस्टर आणि साहेब दगड बाजूला टाकताहेत, आणि त्यांच्या मागून भाऊजी गोगलगायीसारखे. हो, साहेबसुद्धा! सुरुवातीला ते नुसते वहीत दगड मोजत होते. मग सिस्टर एकटीच एका धोंड्याशी झटतेय हे बघून त्यांनी वही खिशात घातली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, “गाडीतल्या माणसांनी मदत केली तर चालतं असं मीच लिहिलंय. मी पण गाडीतलाच.” दहा वाजेपर्यंत त्यांची इस्त्री पार मोडली होती. माणूस एकदम बरा दिसायला लागला.

एकदाही पोट घासलं नाही. भाऊजी खिडकीतून डोकं काढून म्हणाले, “वहिनी, चाक नेमकं कुठं ठेवायचं, याचा असा विचार मी आयुष्यात केला नव्हता. जीपमध्ये लागतच नाही.” हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं. साक्षीदार आहेत.

मग आली कोरडी नदी.

दोनशे पावलं रुंद पात्र, आणि सगळी वाळू, पिठासारखी मऊ. इथं मात्र भाऊजी गुरू आणि आम्ही चेले. त्यांनी चारही चाकांतली हवा निम्मी सोडली, म्हणजे चाक पसरट होतं आणि रुतत नाही. मग सगळ्यांना बसवून ताकीद दिली. “वाळूत एकच नियम. थांबायचं नाही! काही झालं तरी थांबायचं नाही. थांबलो की गेलो.”

निघालो. दुसरा गिअर, एकसारखा वेग. गाडी होडीसारखी डुलत चालली. पन्नास पावलं. शंभर. सिस्टर मागून “चला, चला, चला!” म्हणत होती. समोरचा काठ जवळ येत होता. आणि एवढ्यात मागचा भाग एकाएकी बाजूला घसरला, नाक एका ओंडक्याकडे वळलं, आणि माझा पाय...

काय सांगू! बावीस वर्षांची सवय. शेजारचा चुकला की माझा पाय ब्रेकवर. डोक्याला विचारतही नाही. दण्णकन दाबला!

गाडी थांबली. मऊ वाळूत, पात्राच्या मधोमध. मग हळूच, अगदी सावकाश, पोटावर बसली.

भाऊजींनी स्टेअरिंगवरचे हात काढले आणि माझ्या पायाकडे बघितलं. ओंडका चांगला चार हात लांब होता.

मला इतकी शरम वाटली की तिथंच वाळूत तोंड खुपसावं. दुसऱ्यांना ‘घाबरून ब्रेक मारू नका’ म्हणून शिकवणारी मी! सिस्टरची फाईल, तिची धाकटी बहीण, सगळं माझ्या एका टाचेखाली रुतलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर भाऊजीच म्हणाले, “असू द्या, वहिनी. सकाळी मी पाइप तोडला, आता तुम्ही पाय दाखवला. फिट्टंफाट. उतरा, खणा.”

खणायला फावडं नव्हतं. डब्यांची झाकणं आणि हात. पुढच्या चाकांसमोरची वाळू उपसायची, ती पुन्हा घसरून यायची. पायपुसण्या चाकांखाली सरकवल्या, तर चाकांनी त्या मागे भिरकावल्या, एक साहेबांच्या गुडघ्यावर. ऊन डोक्यावर आलं. पाणी कोमट झालं. एक तास गेला, दीड तास गेला. चाकांखाली काहीतरी टणक, लांब हवं होतं, आणि त्या पात्रात वाळूशिवाय काही नव्हतं. तो ओंडका हलवून पाहिला, तो जमिनीत पुरलेला.

“टणक आणि लांब,” भाऊजी पुटपुटले आणि त्यांची नजर टपावर गेली.

“नाही हं,” मी म्हटलं.

“वहिनी.”

माझी पाटी! नवऱ्यानं स्वतः रंगवलेली, मोठ्या अक्षरांत ‘खात्रीशीर ड्रायव्हिंग शिका’. भाऊजींनी स्क्रू काढले, पाटीचे उभे दोन तुकडे केले आणि एकेक तुकडा एकेका चाकाखाली ठोकून बसवला. खात्रीशीर एका चाकाला, ड्रायव्हिंग दुसऱ्याला. मी स्टेअरिंगवर बसले, बाकी तिघांना मागे ढकलायला लावलं.

“हळू क्लच... हळू... आता!”

चाकांनी लाकूड पकडलं. गाडी एक वीत सरकली, एक हात सरकली. “ढकला!” भाऊजी ओरडले. साहेबांच्या तोंडून असे शब्द निघाले की ते वहीत कधीच लिहिले जाणार नाहीत. आणि गाडी सुटली! मी थांबले नाही. मागे वळूनही बघितलं नाही. थेट काठावर टणक जमीन लागेपर्यंत गेले आणि मग मात्र खाली उतरून चक्क उड्या मारल्या. माझं वय अठ्ठावन्न आहे.

पंपानं हवा भरून पुन्हा निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते. पुढं मी सीटवर मांडी घालूनच बसले. पाय खाली सोडायची माझीच मला भीती वाटत होती.

नदीनंतर डोंगराच्या कुशीतून वाट वर वर चढत गेली. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि दरीच्या तळाशी आम्ही सकाळी सोडलेली पिवळी जमीन, आता हातरुमालाएवढी झालेली. सुंदर होतं. पण बघायला सवड कुणाला? लहान इंजिन, पाच माणसांचं वजन, आणि सतत पहिला गिअर. तापमानाचा काटा लालकडे चालला. भाऊजींनी खिडक्या उघडल्या आणि गाडीचा हीटर पूर्ण सोडला.

“अहो, भर उन्हात हीटर?” साहेब ओरडले.

“इंजिनाची उष्णता थोडी आपण वाटून घ्यायची, साहेब. नाहीतर ते एकटं मरेल.”

तासभर आम्ही चौघं भट्टीत बसलो. घाम डोळ्यांत जात होता. पण काटा उतरला! दर दोन किलोमीटरला थांबायचं, इंजिन गार होऊ द्यायचं, पुन्हा निघायचं. असं करत करत साडेपाचला आम्ही सत्तावीस किलोमीटर संपवले. वळण घेतलं आणि समोर शेवटचा चढ दिसला.

एक किलोमीटरभर लांब, पण खरा वाईट त्यातला वरचा निम्मा. छपरासारखा उभा, वर सगळी सुटी खडी, मध्ये दोन वळणं, आणि वळणांना कठडा नाही. माथ्यावर माणसं जमलेली दिसत होती. त्यांनी आम्हाला केव्हाच पाहिलं असणार. सूर्य मावळायला पाऊण तास होता.

भाऊजींनी पहिला धडाका मारला. गाडी निम्म्यातच अडखळली, पुढची चाकं गरगर फिरली, खडी मागे उडाली, आणि आम्ही घसरत खाली आलो. दुसरा प्रयत्न, जास्त वेगानं. तिथंच! तिसरा. आता क्लच जळाल्याचा वास आला, आणि घसरताना मागचं चाक दरीपासून दोन हातांवर येऊन थांबलं. सिस्टरनं डोळे मिटून घेतले होते.

भाऊजी उतरले. बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. कपांची रांग घरी ठेवणारा तो माणूस मला पहिल्यांदा थकलेला दिसला.

“वहिनी, मी हरलो. चढावर सगळं वजन मागे जातं आणि हिची ताकद पुढे. पुढची चाकं जमीन धरतच नाहीत. ही गाडी याच्यासाठी केलेली नाही. मी मनापासून सांगतोय, चेष्टा नाही करत.”

साहेबांनी वही काढली. लिहिलं नाही, नुसती हातात धरली. त्यांनाही लिहायचं नव्हतं हे दिसत होतं. सिस्टर गाडीतून उतरली, तिनं पाण्याची बाटली खांद्याला लावली आणि चढाकडे चालायला लागली. “मी धाकटीला घेऊन येते,” ती वळून म्हणाली. “उद्या खाटेवर खाली नेऊ. रडेल, ओरडेल. काय करणार?” आणि तीच रडायला लागली.

मला तिचं रडणं बघवेना, म्हणून मी गाडीकडे बघत राहिले. वजन मागे, ताकद पुढे. वजन मागे... आणि मला माझा एक शिकाऊ आठवला. शिंपी होता बिचारा. आमच्या मैदानाबाहेर एक उतरता रस्ता आहे, पावसात त्याच्यावर शेवाळ धरतं. तिथून गाडी वर घेताना सगळे शिकाऊ घसरतात. या शिंप्यानं एकदा गोंधळात गाडी उलटी वळवली आणि रिव्हर्स टाकला, आणि गाडी त्या शेवाळावरून सरळ वर गेली, पाठमोरी! मी त्याला तेव्हा चांगली दोन-चार वाक्यं सुनावली होती. का गेली याचा विचारच केला नव्हता.

“भाऊजी,” मी म्हटलं, “उलटी वर नेली तर?”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, चढाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. त्यांच्या ओठांची हालचाल सुरू झाली. हिशेब करत होते. “तोंड खाली... म्हणजे वजन तोंडावर... म्हणजे ताकदीच्या चाकांवर...” मग एकदम ओरडले, “वहिनी! आणि रिव्हर्सचा गिअर ताकदीचा पण असतो!” आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “पण अर्धा किलोमीटर, दोन वळणं, कठडा नाही. उलटी नेणार कोण? मी शर्यतीत पुढंच जातो. रिव्हर्स मी फक्त गॅरेजमध्ये टाकतो.”

“बावीस वर्षं,” मी म्हटलं, “मी दिवसाला सहा तास लोकांचा रिव्हर्स बघतेय. सरका.”

वाळूची पोती मागून काढून पुढे, शेजारच्या सीटच्या पायापाशी टाकली. सिस्टरला हाक मारून परत बोलावलं. तिला आणि साहेबांना मागच्या सीटवर कडेला दाबून बसवलं, म्हणजे मला मधून मागची काच दिसेल. भाऊजींना बसवलं माझ्या जागेवर, पोत्यांवर गुडघे दुमडून.

“ब्रेक तुमच्या पायाखाली आहे. मी सांगेपर्यंत हात... पाय लावायचा नाही.”

“कळलं, बाई,” भाऊजी म्हणाले. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला बाई म्हटलं.

पायथ्याला सपाट जागेवर गाडी वळवली. मान मागे. रिव्हर्स. क्लच हळूच सोडला.

गाडी चढायला लागली!

पुढची चाकं आता खाली होती आणि सगळं ओझं त्यांच्यावर बसलं होतं. खडी करकरत होती, पण उडत नव्हती. मी हात जेमतेम हलवत होते. उलट्या गाडीचं स्टेअरिंग फार चिडकं असतं, इंचभर फिरवलं तर नाक हातभर जातं. शंभर मीटर. दीडशे. पहिलं वळण. “तुमच्याकडची बाजू, सिस्टर?” “दोन हात जागा आहे!” “आता?” “एक हात!” “आता?” “वीतभर... बाई, वीतभर!” वळलो. माथ्यावरचा गलका ऐकू येत होता.

दुसऱ्या वळणावर इंजिन बंद पडलं.

गाडी खाली सरकायला लागली. “ब्रेक!” मी ओरडले. भाऊजींचा पाय बसला. थांबलो. मागे चढ, पुढे दरी, आणि हँडब्रेक ओढून उपयोग नाही, कारण तो मागच्या चाकांवर लागतो आणि ती आता हलकी होऊन घसरत होती. चाकाखालून एक दगड सुटला आणि खाली जाताना त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. साहेबांनी दाराची कडी घट्ट धरली होती.

इथं माणसाला तीन पाय हवे होते. क्लचला एक, ॲक्सिलरेटरला एक, ब्रेकला एक. आणि आमच्या गाडीत तिसरा पाय होता!

“भाऊजी, ब्रेक धरून ठेवा. मी ताकद देते. गाडी थरथरली की सांगेन. तेव्हा सोडा. आधी नाही, नंतर नाही.”

इंजिन चालू केलं. आवाज वाढवला. क्लच उचलला, आणखी उचलला. गाडी थरथरली.

“सोडा!”

सोडला! एक क्षण काहीच झालं नाही. मग पुढच्या चाकांनी खडी दाताखाली धरावी तशी धरली आणि आम्ही वर सरकलो. एक हात. दोन हात. वळण संपलं. चढ सैल झाला. मागच्या काचेत आधी पाय दिसले, मग माणसं, मग घरं, आणि मग सगळं गाव ओरडत बाजूला होत होतं. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “अरे, ही पाठमोरीच आली की!”

सूर्य डोंगराला टेकला होता. पूर्ण गेला नव्हता. साहेबांनी उतरून घड्याळ बघितलं, आकाश बघितलं, आणि टोपी काढून हवेत उडवली. मग शहाण्यासारखी ती शोधून आणली आणि ते लिहायला बसले.

भाऊजी मला मिठी मारायला आले आणि ऐनवेळी लाजून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. “शर्यतीला ही गाडी नाही चालायची, वहिनी. ते मी आताही म्हणेन.”

“शर्यतीला कुणी आणलीय?”

साहेबांनी जे लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. खडकांचा पट्टा साफ करावा. नदीच्या वाळूत दगडांचा पट्टा घालावा, आणि ही दोन्ही कामं लगेच हातात घ्यावीत. शेवटच्या चढाची दोन वळणं रुंद करावीत, आणि तोपर्यंत तिथं उलटं चढण्याचं शिक्षण घेतलेलाच चालक पाठवावा. एवढ्या अटींवर साधी ॲम्ब्युलन्स या वाटेनं जाऊ शकते, मी स्वतः तीत (इथं वाचता वाचता त्यांनी ‘तीत’ खोडून ‘तशा गाडीत’ केलं) बसून आलो आहे. पहिली फेरी येत्या सोमवारी. आणि खाली सही.

“खाली जायला किती लागेल, साहेब?” सिस्टरनं विचारलं. “दगड हलवलेत, वाट माहीत झालीय.”

साहेब आणि भाऊजींनी एकमेकांकडे बघितलं. “तीन तास,” दोघं एकदम म्हणाले.

“वर यायला?”

“साडेतीन. चार धरा.”

सिस्टर धावतच घराकडे गेली. मी मागोमाग. धाकटी दारात उभी होती, एक हात पोटावर आणि दुसरा चौकटीवर. तिच्या पायाशी एक पत्र्याची पेटी होती, दोरीनं करकचून बांधलेली. हट्ट करून दमली असावी. सकाळी निघायची तयारी तिनं केलीच होती, आणि डोळे सुजलेले होते.

“न्यायला आलीस?” तिनं विचारलं.

सिस्टरला धाप लागली होती. “नाही. गाडी येणार आहे. खरी ॲम्ब्युलन्स. दुखायला लागलं की फोन करायचा, दिवस असो वा रात्र. चार तासांत वर, तीन तासांत खाली. आठवड्याला तपासायला मीच येईन.”

धाकटीनं पायाशी ठेवलेल्या पेटीकडे बघितलं. “म्हणजे मी जायचं नाही?”

“वेळ जवळ आली की ये. महिनाभर आधी, आपली आपण, बसून. आताच नाही.”

धाकटीनं खाली बसून पेटीची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटेना, म्हणून तिनं ती दातांनी ओढली. मग पेटी उघडून एकेक कपडा काढला आणि भिंतीवरच्या खुंट्यांना परत टांगायला लागली. सिस्टर तिला कपडे काढून देत होती.